नियतकालिकांचा वजनकाटा

आपल्या समाजातल्या लेकीसुना आता पीएच.डी.च्या वाटेला लागल्या आहेत. निपाणी, चिकोडी, बेळगाव, पार सांगलीपर्यंत ओळखीच्या घरांत गेलं, तर एखादी तरी मुलगी लॅपटॉप उघडून 'क्यू वन', 'स्कोपस', 'इम्पॅक्ट फॅक्टर' असं काहीतरी पुटपुटताना दिसते. घरातली वडीलधारी बाई विचारते, "हे काय गं नवीन?" मुलगी म्हणते, "काकू, ते तुम्हाला नाही कळायचं." मला हे उत्तर मान्य नाही. ज्या गोष्टीवर आपल्या मुलींची नोकरी, बढती आणि कधी कधी आत्मविश्वाससुद्धा अवलंबून आहे, ती आपल्याला कळलीच पाहिजे. ती तेवढी अवघडही नाही. म्हणून पुस्तकाचं परीक्षण करावं तसं मी इथे एका साधनाचं परीक्षण करणार आहे. संशोधनाच्या जर्नलांची एकमेकांशी तुलना करून देणारं हे इंटरनेटवरचं साधन आहे.

आधी शब्द साफ करून घेऊ. एका संशोधकाने आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा संदर्भ दिला की त्याला सायटेशन म्हणतात. आपल्या जुन्या टीकाकारांनी 'उक्तं च' म्हणून पूर्वाचार्यांचं वचन द्यावं, त्याच जातीची ही गोष्ट. फरक एवढाच, की आता ही 'उक्तं च' मोजली जातात. एखाद्या जर्नलमधल्या लेखांना किती संदर्भ मिळाले, ते मोजायचं, लेखांच्या संख्येने भागायचं आणि आलेल्या आकड्यावरून जर्नल थोर की सामान्य ते ठरवायचं. सगळा खेळ हा एवढाच.

ही मोजणी सुरू झाली ती मात्र साध्या, घरगुती म्हणावी अशा गरजेतून. १९२७ साली अमेरिकेत ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांना प्रश्न पडला होता, की लहानशा कॉलेजच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती जर्नलं विकत घ्यावीत? पैसा थोडा, जर्नलं पुष्कळ. त्यांनी एका प्रमुख रसायन-जर्नलचे लेख घेतले, त्यातले संदर्भ मोजले आणि ज्यांचे संदर्भ वारंवार येतात ती आधी घ्या, असा सल्ला दिला. महिन्याच्या किराण्याची यादी करताना आपण काय लागतं आणि काय नुसतं पडून राहतं ते बघतो, तसंच हे. पुढे युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली, फिलाडेल्फियाला संस्था काढली आणि १९७५ पासून 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' निघू लागले. इम्पॅक्ट फॅक्टर तिथून आला. त्यांचाही मूळ हेतू सूचीत कोणती जर्नलं घ्यायची ते ठरवणं हाच होता. माणसाला नोकरी द्यायची की नाही, हे त्या आकड्याला कुणी विचारलं नव्हतं. किराण्याच्या यादीवरून सून निवडायची वेळ पुढे आली, ती नंतरच्या लोकांनी आणली.

आज अशी साधनं चार-पाच आहेत. 'जर्नल सायटेशन रिपोर्ट्स' पैसे भरून मिळतं, तेही बहुधा विद्यापीठालाच परवडतं. आपल्या मुलींच्या हाताला लागतं ते 'सिमागो'. स्पेनमधल्या संशोधकांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे आणि त्याची माहिती एल्सेव्हिअर या प्रकाशन-कंपनीच्या 'स्कोपस' या भांडारातून येते. जर्नलचं नाव टाकलं की त्याचं पान उघडतं. देश, प्रकाशक, विषय, आठ आकडी आयएसएसएन, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत नोंद आहे ते, आणि खाली आलेखांची रांग. दोन-तीन जर्नलं शेजारी शेजारी ठेवूनही बघता येतात. गूगल स्कॉलरचीही अशी यादी आहे, ती २०१२ पासून.

आता गंमत बघा. एकच जर्नल घेऊन या प्रत्येक दारात गेलं, तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर मागची दोन वर्षं बघतो. समजा एका जर्नलने २०२२ आणि २०२३ मिळून ४० लेख छापले आणि २०२४ मध्ये त्या लेखांना ६० संदर्भ मिळाले, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर दीड. सिमागोचा आकडा तीन वर्षं बघतो, शिवाय संदर्भ कुणी दिला याचंही वजन धरतो. मोठ्या जर्नलने दिलेला संदर्भ जड, लहानाने दिलेला हलका. लग्नात आहेर कुणी केला यावर त्याची चर्चा ठरते ना, तसं. स्कोपसचा 'साइटस्कोअर' चार वर्षं बघतो. गूगलची यादी पाच वर्षं बघते. यातलं खोटं कोणतंच नाही. पण खिडकी किती रुंद उघडायची ते प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं आहे. तेव्हा कुणी नुसता आकडा तोंडावर फेकला, तर पहिला प्रश्न हा विचारावा: कुणाचा आकडा, आणि किती वर्षांचा?

या साधनाचे गुण आधी सांगते, कारण ते खरे आहेत. मागच्या वर्षी माझ्या भाचीसोबत मी दोन दुपारी या संकेतस्थळावर घालवल्या. तिचा विषय जैन शिलालेखांतल्या दान देणाऱ्या स्त्रिया, लक्कुंडीच्या अत्तिमब्बेपासून पुढच्या. लेख लिहून तयार होता, पाठवायचा कुठे हा प्रश्न होता. तिच्या मनात चार जर्नलं होती. त्यांपैकी एकाकडून तिला आपणहून पत्र आलं होतं: पंधरा दिवसांत छापू, अमुक इतकी फी भरा. पत्रात इम्पॅक्ट फॅक्टरचा भला मोठा आकडा होता. पोरगी हरखली होती. आम्ही त्या जर्नलचं नाव टाकलं. ते स्कोपसमध्ये होतं, पण नोंद दोन वर्षांपूर्वी थांबलेली. आलेखात दिसलं, की त्याआधी वर्षाला पन्नास-साठ लेख छापणारं जर्नल एकदम हजाराच्या घरात गेलं होतं. आणि मिळालेल्या संदर्भांपैकी स्वतःच स्वतःला दिलेल्या संदर्भांची रेघ भराभर वर चढलेली. भाची म्हणाली, "मावशी, हे तर दुकान आहे की गं." एवढं एका मुलीला एका दुपारी कळलं आणि तिच्या शिष्यवृत्तीचे पैसे वाचले, तर त्या साधनाचे उपकारच मानले पाहिजेत.

म्हणून माझा पहिला निष्कर्ष असा. आकड्यापेक्षा त्या पानावरच्या बाकीच्या ओळी जास्त बोलतात. नोंद कधी थांबली, लेखांची संख्या किती फुगली, स्वतःचेच संदर्भ किती, प्रकाशक कोण, हे सगळं मुकाट्याने तिथे लिहिलेलं असतं. आपण मात्र रंगीत चौकोनाकडे बघून उठतो.

त्या रंगीत चौकोनाबद्दलच मला तक्रार करायची आहे. सिमागो प्रत्येक विषयातल्या जर्नलांना उतरत्या क्रमाने लावतं आणि चार समान भाग करतं. वरचा पाव भाग क्यू वन, तो हिरवा. मग पिवळा, मग नारिंगी, आणि शेवटचा पाव भाग क्यू फोर, तो लाल. लाल रंग बघितला की आपल्याला काय वाटतं? धोका, थांबा, नापास. पण चार भाग केले की चौथा भाग उरणारच. वर्गातल्या सगळ्या चाळीस मुली नव्वद टक्क्यांच्या पुढे गेल्या, तरी शेवटच्या दहा जणी शेवटच्याच दहा राहणार. त्यांच्या पाठीवर लाल चिठ्ठी डकवायची का? शिवाय एकच जर्नल दोन विषयांत असेल, तर एकात हिरवं आणि दुसऱ्यात पिवळं असू शकतं. ज्या विषयात एकूणच संदर्भ कमी दिले जातात, तिथे वर्षाला चार-दोन संदर्भ इकडचे तिकडे झाले तरी रंग बदलतो. एवढ्या थोड्या फरकाला एवढा भडक रंग, हा या साधनाचा मोठा दोष. आकडा निदान 'मी सरासरी आहे' असं सांगतो. रंग मात्र निकालपत्रासारखा वागतो.

सरासरीवरूनही फसगत किती होते, त्याचं प्रसिद्ध उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका' या जर्नलच्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५१ होता. २००९ साली तो एकदम ४९.९२६ झाला. त्या जर्नलचे संशोधक एका वर्षात चोवीस पट हुशार झाले का? मुळीच नाही. २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक लेख त्यात आला होता, 'शेलएक्स' या संगणक-कार्यक्रमाचा इतिहास सांगणारा. तो कार्यक्रम वापरणारा प्रत्येक जण त्या लेखाचा संदर्भ देऊ लागला. एका लेखाने सगळ्या घराची श्रीमंती वाढवली. दोन वर्षांची खिडकी सरकली आणि आकडा पुन्हा दोनच्या आसपास आला. त्या दोन वर्षांत ज्यांनी तिथे लेख छापले, त्यांच्या लेखाला एकही संदर्भ मिळाला नसला, तरी 'आमचं जर्नल पन्नासचं' असं त्यांना म्हणता आलं असतं. जर्नलची सरासरी म्हणजे लेखाची लायकी नव्हे, हे यापेक्षा स्वच्छ कसं सांगायचं? एका थोरल्या दिराच्या पगारावरून सगळ्या जावांचं राहणीमान ठरवण्यासारखं आहे हे.

दुसरा दोष वापरणाऱ्यांचा. आपल्या भागात साखर कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरचं वजन करणारा मोठा काटा असतो. त्यावर टनाचं वजन बिनचूक होतं. सराफाच्या पेढीवरही काटा असतो, त्यावर गुंजभर सोनं कळतं. दोन्ही काटे चोख. पण कारखान्याच्या काट्यावर मंगळसूत्र ठेवलं तर काटा हलणारसुद्धा नाही. म्हणून मंगळसूत्राला वजन नाही असं कुणी म्हणेल का? जीवशास्त्रात, वैद्यकात एका लेखाखाली पन्नास-साठ संदर्भ असतात आणि तेही ताजे. गणितात थोडे, आणि जुने. शिलालेख, हस्तलिखितं, प्राकृत व्याकरण इथे तर पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही चालतं, आणि संदर्भ जर्नलपेक्षा पुस्तकांनाच जास्त जातात. ही अडचण जाणकारांना माहीत आहे. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाने विषयाप्रमाणे वजन सावरून घेणारं वेगळं मापही काढलं, 'स्निप' नावाचं. पण आपल्याकडे मुलाखतीच्या टेबलावर रसायनशास्त्राचे आणि इतिहासाचे उमेदवार एकाच आकड्याने ताडून बघणारे लोक मी बघितले आहेत. एका महाविद्यालयात तर कन्नड शिलालेख वाचणाऱ्या मुलीला पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुमचा इम्पॅक्ट फॅक्टर पाचच्या वर का नाही?" तिच्या विषयात पाचच्या वर कोण आहे, हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. लाल, पिवळा, हिरवा यापलीकडे एक चौथी अवस्था आहे. नाव टाकलं आणि काहीच आलं नाही. कोरी जागा.

भाचीच्या लेखाच्या शेवटची संदर्भांची यादी मी बघितली. निम्म्याहून जास्त नोंदी पुस्तकांच्या आणि शिलालेखांच्या संग्रहांच्या: 'एपिग्राफिया इंडिका', 'एपिग्राफिया कर्नाटिका'. पी. बी. देसाई यांचं दक्षिण भारतातल्या जैन धर्मावरचं १९५७ सालचं पुस्तक, सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढलेलं. आपल्याच माणसांच्या दानातून चाललेली ही ग्रंथमाला. या विषयात काम करणाऱ्या कुणालाही त्या पुस्तकाशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. पण जर्नलांच्या तुलनेत पुस्तकाला जागाच नाही. तेव्हा तिच्या लेखाचा पाया ज्यांवर उभा आहे, ती कामं या साधनाच्या हिशेबात नाहीतच.

सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी अर्धमागधी शिकवली. १९३५ मध्ये त्यांनी 'प्रवचनसारा'ची संपादित आवृत्ती काढली आणि तिला जी दीर्घ इंग्रजी प्रस्तावना लिहिली, ती कुंदकुंदाचार्यांवर काम करणारे देशोदेशीचे अभ्यासक आजही उघडतात. आता प्रश्न असा, की त्या आवृत्तीचा संदर्भ कुणाच्या नावावर जमा व्हायचा? कुणी कुंदकुंद लिहितो, कुणी उपाध्ये, आणि उपाध्ये हे नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी. ग्रंथाच्या नावाचीही तीच गत. मोजणाऱ्या यंत्राला हे सगळे निरनिराळे वाटले तर त्याचा दोष नाही, पण हिशेब मात्र चुकतो. अमरावतीला डॉ. हिरालाल जैन यांनी 'धवला'चं काम हाती घेतलं. पहिला खंड १९३९ चा, आणि सोळा खंड पुरे व्हायला सुमारे वीस वर्षं लागली. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत अडकलेला ग्रंथ त्यामुळे वाचकांपर्यंत आला. अशा कामाला दोन वर्षांची खिडकी लावायची? दोन वर्षांत तर पाठभेद जुळवून एक खंड नीट होत नाही.

आणि भाषेचं काय? स्कोपसमध्ये जर्नलला प्रवेश हवा असेल, तर लेखाचं शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवा आणि संदर्भ रोमन लिपीत हवेत. नियम समजण्यासारखा आहे. जगभरच्या वाचकाला वाचता यावं म्हणून. पण परिणाम असा, की वाईच्या 'नवभारता'त किंवा 'महाराष्ट्र साहित्य पत्रिके'त देवनागरीत तळटिपा देऊन लिहिलेला लेख कितीही भक्कम असला, तरी त्यातली मराठी 'उक्तं च' त्या मोजणीत येत नाहीत. इंदूरहून निघणारं 'अर्हत् वचन' जैन गणित आणि इतिहासावर लेख छापतं. त्याची खरी किंमत त्या विषयातल्या अभ्यासकाला विचारा, रंगीत चौकोनाला नको.

कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. कोरी जागा म्हणजे मोजलंच नाही. आपल्या मुलींना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण मुलाखतीत समोरचा माणूस या दोन्ही गोष्टी एकच समजतो, आणि मुलगीही मान खाली घालून ते मान्य करून टाकते.

पण इथे आपणही आपल्याकडे जरा बघायला हवं. सगळी कोरी जागा परक्यांनी ठेवलेली नाही. आपल्या संस्थांची किती नियतकालिकं वेळेवर निघतात? लेख छापण्याआधी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेण्याची पद्धत किती जणांकडे आहे? कितीतरी अंकांवर फक्त वीर निर्वाण संवत असतो, इसवी सन नसतो. कुठे पृष्ठांक दर अंकाला नव्याने, कुठे वर्षभर सलग. लेखकाचं नाव 'एक मुमुक्षू'. प्रेमाने वाचणाऱ्याला यात काही अडत नाही. पण वीस वर्षांनी एखादी मुलगी त्या लेखाचा संदर्भ द्यायला बसली, की तिची पंचाईत होते. संस्थेच्या वार्षिक सभेत पाट-चौरंगांच्या देणग्यांची यादी जेवढ्या काळजीने छापतो, तेवढी काळजी अंकाच्या आयएसएसएनची, इंग्रजी सारांशाची आणि जुन्या अंकांच्या सूचीची घेतली, तर पुष्कळ कोऱ्या जागा भरतील. आणि हे काम घरी बसून करता येण्यासारखं आहे. शिकलेल्या, नोकरी न करणाऱ्या कितीतरी जणी आपल्यात आहेत, ज्यांच्या नीटनेटकेपणावर घरचे हिशेब चालतात.

आणखी एक गोष्ट स्त्रियांच्या दृष्टीने. अलीकडे सिमागोवर जर्नलमधल्या स्त्री-लेखकांची टक्केवारीही दिसते. चांगली गोष्ट आहे. पण संदर्भांच्या मोजणीतच एक खाच आहे. 'आयगेनफॅक्टर' नावाचं जर्नलांचंच एक माप बनवणारे बर्गस्ट्रॉम आणि वेस्ट, आणि त्यांचे सहकारी, यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जेस्टोर या भांडारातले १७७९ ते २०११ पर्यंतचे सुमारे पंधरा लाख लेख त्यांनी तपासले. पुरुष लेखक स्वतःच्याच जुन्या लेखांचे संदर्भ स्त्रियांपेक्षा ५६ टक्के जास्त देतात, असं त्यांना दिसलं. शेवटच्या दोन दशकांत तर हा फरक ७० टक्क्यांवर गेला. माप बनवणाऱ्यांनीच मापातली खोट दाखवली, हे मला आवडलं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, स्वतःचं नाव स्वतः घेऊ नये. लेखाच्या तळटिपांत ही शिकवण महागात पडते. बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा, यांत दोन वर्षं सहज निघून जातात. तेवढ्यात खिडकी बंद होते. आपलं आधीचं काम खरोखर लागू पडत असेल, तर त्याचा संदर्भ द्यायला लाजू नये, हे मी मुलींना स्पष्ट सांगते. त्याला आत्मप्रौढी म्हणत नाहीत.

सरकारी पातळीवर काय झालं तेही थोडक्यात. बढतीसाठी गुण मोजायचे ठरलं, तसा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचा पूर आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली. २०१९ मध्ये 'यूजीसी-केअर' यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही यादी बंद करून आयोगाने निकष सुचवले आणि पारख संस्थांवर सोपवली. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी लेख छापण्याची सक्तीही काढली. म्हणजे याद्या आल्या आणि गेल्या. शेवटी आयोगालाही म्हणावं लागलं, की बघा, वाचा आणि तुम्हीच ठरवा. जगातही वारं त्याच दिशेने आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा २०१३ चा, लायडनचा २०१५ चा. जर्नलच्या आकड्यावरून माणसाची किंवा लेखाची किंमत करू नका, असं पहिला सांगतो. दुसरा आणखी एक सांगतो, की स्थानिक भाषेतलं, स्थानिक प्रश्नांवरचं चांगलं काम जपा. मुलाखतीला जाताना मुलींनी या दोन जाहीरनाम्यांची नावं पाठ करून जावीत. आकडा फेकणाऱ्यासमोर ती कामाला येतात.

मग हे साधन वापरायचं की नाही? वापरायचं, पण सुगरणीने वजनकाटा वापरावा तसं. तिच्या हाताशी काटा असतो, पण मीठ ती चवीने घालते. मुलींसाठी माझी साधी रीत अशी. आधी आपल्या लेखाच्या संदर्भांची यादी बघा. ज्या जर्नलांतले लेख तुम्ही स्वतः वाचले आणि वापरले, तीच तुमची बिरादरी, तुमचा लेख समजून घेणारे वाचक तिथेच आहेत. मग ती नावं सिमागोवर टाका आणि एकाच विषयातली जर्नलं एकमेकांशेजारी ठेवा. नोंद चालू आहे ना, लेखांची संख्या अचानक फुगली नाही ना, स्वतःचेच संदर्भ जास्त नाहीत ना, एवढं बघा. जर्नलचं संकेतस्थळ खरं आहे की नावाची नक्कल करून कुणी दुसऱ्याने काढलं आहे, ते आयएसएसएनवरून ताडून घ्या. आपणहून पत्र पाठवणाऱ्याला लेख देऊ नका. नाव सापडलं नाही तर घाबरू नका. त्या जर्नलचे दोन अंक मिळवा आणि वाचा. यातलं शेवटचं काम कुठलंही साधन तुमच्यासाठी करत नाही.

परंपरा सांगते, की अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती लिहून घेऊन वाटल्या. हजार वर्षांपूर्वीची ती बाई, तिने ग्रंथाची गणती नाही केली, ग्रंथ लोकांच्या हातात दिला. त्या हजार प्रतींपैकी किती वाचल्या गेल्या, कुणी कुठे संदर्भ दिला, याचा आलेख कुणाकडे नाही. तरी ते पुराण आजही वाचायला मिळतं. आपल्या मुलींनी लिहिलेलं कुणाच्या तरी हातात पडावं, वाचलं जावं, त्यावर कुणी वाद घालावा, ही आपली खरी गरज आहे. तेवढ्यासाठी काट्याचा उपयोग होत असेल तर जरूर करावा. पण येत्या चातुर्मासात आपल्या मंदिराच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेल्या जुन्या अंकांची सूची करायला चौघी जणी जमल्या, तर पुढच्या मुलीला त्याचा उपयोग कुठल्याही हिरव्या चौकोनापेक्षा जास्त होईल.